शी-शूची सवय आणि नकार देणारे मूल

शी-शूची सवय लागणे म्हणजे एकच गोष्ट शिकणे नव्हे. ओटीपोटातली जाणीव ओळखायची, ती थोडा वेळ धरून ठेवायची, मोठ्यांना सांगायचे, ठरलेल्या जागी जायचे, चड्डी खाली करायची, बसायचे आणि बसल्यावर स्नायू सैल सोडायचे, इतकी कामे मुलाला एकामागून एक जमवावी लागतात. यातली बहुतेक शिकवता येतात, काही हाताला धरून करवूनही घेता येतात. शेवटचे काम मात्र मुलाशिवाय कोणालाच करता येत नाही. गुदद्वाराभोवतीचा बाहेरचा स्नायू आणि मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू माणसाच्या इच्छेच्या ताब्यात असतात. घाबरलेले, दुखावलेले किंवा चिडलेले मूल ते आवळून धरते आणि घरातल्या कोणाचाही रागलोभ ते सैल करू शकत नाही. आंघोळ घालताना, औषध पाजताना थोडी जबरदस्ती चालून जाते. इथे ती उलटते. म्हणून 'नको' म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याला बसवावे कसे, हा प्रश्न नंतरचा. ते बसत का नाही, हे आधी शोधावे लागते.

जन्मानंतर कित्येक महिने मूत्राशय भरले की ते आपोआप रिकामे होते. दूध पिता पिता बाळ शी करते, तेही आपोआपच. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, ही शरीराची उपजत रचना आहे आणि ती मोठेपणीही टिकते. साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान मेंदूपासून या स्नायूंपर्यंत जाणारे मज्जातंतू पुरेसे परिपक्व होऊ लागतात. दोन वर्षांच्या पुढे मूत्राशयात शंभर मिलिलीटरच्या आसपास लघवी मावू लागते आणि मूल दोन-दोन तास कोरडे राहू शकते. बहुतेक मुलांमध्ये शीवरचा ताबा आधी, दिवसाच्या लघवीवरचा त्यानंतर आणि रात्रीचा सर्वांत शेवटी येतो. मुली मुलग्यांपेक्षा थोड्या आधी शिकतात. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसा कोरडे राहण्याचे मध्यक वय मुलींमध्ये साडेबत्तीस महिने आणि मुलग्यांमध्ये पस्तीस महिने आढळले. म्हणजे अडीच वर्षांचा मुलगा चड्डीत शू करतो, एवढ्यावरून त्याला मागे पडलेला म्हणता येत नाही.

मराठी आणि कोकणी घरांतली जुनी पद्धत याहून फार लवकर सुरू होते. मान धरू लागलेल्या बाळाला आजी किंवा आई आपल्या दोन पावलांवर उकिडवे बसवते, पाठ स्वतःच्या नडग्यांना टेकवून घेते आणि तोंडाने 'शूऽऽ' असा लांब आवाज काढते. झोपेतून उठल्यावर आणि दूध पाजल्यावर हे रोज त्याच वेळी केले की काही महिन्यांत बाळ त्या बैठकीला आणि आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या गावांतल्या आज्या आजही हे सहजपणे करतात. त्यात मागासलेले काही नाही. केनियाच्या किनाऱ्यावरील डिगो समाजात आया पहिल्या काही आठवड्यांतच अशी सुरुवात करतात आणि पाच-सहा महिन्यांची बाळे बरीचशी कोरडी राहतात, असे मार्टेन आणि रेचल डीव्हराइज यांनी १९७७ साली नोंदवले. बाळाच्या हालचाली ओळखणारे माणूस सतत जवळ असणे आणि चूक झाली तरी शिक्षा नसणे, या दोन गोष्टींवर ती पद्धत उभी आहे.

पाश्चात्त्य सल्ला मात्र वेळोवेळी टोके गाठत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे घड्याळ लावून, काही महिन्यांच्या बाळालाही सक्तीने बसवावे असे सांगितले जाई. त्याचे दुष्परिणाम पाहून बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला आणि मूल तयार असल्याची चिन्हे दिसल्यावरच, साधारण दीड वर्षानंतर, टप्प्याटप्प्याने शिकवावे असे सुचवले. त्यांच्या नोंदींतली मुले सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची होईपर्यंत दिवसा तयार झाली होती. पुढे १९७४ मध्ये नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांचे एका दिवसात ही सवय लावण्याचा दावा करणारे पुस्तक आले आणि खूप खपले. ज्या मुलाला काहीच अडचण नाही त्याला असा झटपट सराव जमतोही. नकार देणाऱ्या मुलावर तो लादणे चुकीचे आहे.

एक फरक इथे नीट लक्षात घ्यायला हवा. पायावर बसवलेले सहा महिन्यांचे बाळ आजीच्या आवाजाला प्रतिसाद देते. वेळ ओळखण्याचे काम आजी करत असते. अडीच वर्षांच्या मुलाने ते काम स्वतः करायचे असते. त्यामुळे 'हा तर आठव्या महिन्यात पायावर शी करायचा, आता मुद्दाम करत नाही' ही घरोघरी ऐकू येणारी तक्रार त्या मुलावर अन्याय करते. दीड-दोन वर्षांच्या दरम्यान मुलाला 'मी' सापडतो. चालणे, बोलणे, 'नाही' म्हणणे एकाच सुमारास येते. तोवर पायावर मुकाट बसणारे मूल अचानक पाय ताठ करून निसटू लागते, ते या वाढीचे लक्षण आहे. जुनी बैठक तिथे संपते आणि नवे शिकणे सुरू होते.

तयारीची चिन्हे घरातल्या कोणालाही दिसतात. दुपारच्या झोपेतून मूल कोरडे उठते. ओले झाल्यावर ते चड्डी ओढते किंवा येऊन सांगते. चड्डी स्वतः खाली करण्याची खटपट करते. 'चप्पल आण', 'ताट ठेव' अशी साधी कामे ऐकते. मोठ्यांच्या मागे न्हाणीत जाऊन पाहते. आणि सर्वांत बोलके चिन्ह म्हणजे शीची वेळ झाली की ते दाराच्या किंवा पलंगाच्या मागे जाऊन गप्प उभे राहते. पुष्कळ आया या लपण्यावर रागावतात. खरे तर जाणीव ओळखणे, थोडे रोखणे आणि जागा निवडणे या तिन्ही गोष्टी त्याला येऊ लागल्या आहेत. जागा तेवढी बदलायची राहिली आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या बद्धकोष्ठतेविषयीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही शौचाला बसवण्याचे शिक्षण चोवीस महिन्यांनंतर द्यावे, असेच सांगितले आहे.

जागेचा प्रश्न पेडणे आणि डिचोलीत बराच मोठा आहे. एकेकाळी या तालुक्यांतली माणसे परसात, माडांच्या आडोशाला, कुळागराच्या कडेला किंवा ओहोळाकाठी जात. आता बहुतेक घरांत शौचालय आहे, पण जुन्या घरांत ते नंतर बांधलेले असल्यामुळे बहुधा मुख्य घरापासून सुटे, परसाच्या टोकाला असते. मांद्रे, कोरगाव, इब्रामपूर, लाटंबार्से, मये, कुठल्याही गावातले असे घर डोळ्यांसमोर आणावे. पावसाळ्याची संध्याकाळ आहे, वीज गेली आहे, चिऱ्यांची पायवाट शेवाळलेली आहे. लोखंडी किंवा फायबरचे दार करकरते. आत एकच कमी उजेडाचा दिवा, भिंतीवर पाल, कोपऱ्यात बेडूक. खाली मोठ्यांच्या पावलांच्या अंतराने बसवलेले भारतीय पद्धतीचे भांडे. दोन वर्षांच्या मुलाचे पाय त्या दोन पायऱ्यांवर पुरतच नाहीत आणि मधल्या भोकात आपण पडू अशी भीती त्याला वाटते. ही भीती खोटी नाही. त्याच्या अंगाच्या मापाने ते भोक मोठेच आहे. त्यातच जेवत नाही म्हणून दुपारी कोणीतरी त्याला 'परसात देवचार आहे' असे सांगितलेले असते. त्याच परसात रात्री त्याने शहाण्यासारखे जावे अशी अपेक्षा नंतर केली जाते.

नव्या घरांत आणि सदनिकांत कमोड असतो. तिथली भीती वेगळी. पाय अधांतरी लोंबकळतात, फ्लशचा आवाज कानाशी होतो, जेटच्या थंड पाण्याचा फवारा अचानक अंगावर येतो. पाय टेकलेले नसताना पोटाचा दाब देता येत नाही. मोठ्या माणसालाही तो नीट देता येत नाही. मुलाच्या मनाची समजूत घालण्यात दिवस घालवण्यापेक्षा पायांखाली घरातला जेवणाचा जुना पाट ठेवला आणि वर लहान मुलांची बैठक बसवली तर कधी कधी पहिल्याच आठवड्यात फरक पडतो. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले पाहिजेत, एवढेच पाहायचे. उकिडवे बसण्यातला फायदा हाच आहे: त्या बैठकीत गुदाशयाला मागून अडकवून धरणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते.

लहान प्लॅस्टिकची पॉटी यासाठी उपयोगी पडते आणि ती महाग नसते. म्हापशाच्या शुक्रवारच्या किंवा डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाला आणायला सांगता येते. बूड रुंद हवे, म्हणजे ती कलंडत नाही. संगीत वाजवणारी, दिवे लागणारी पॉटी घेण्याची गरज नाही. पॉटी नसेल तर अंगणाच्या कडेला किंवा न्हाणीच्या मोरीत कागद अंथरून बसवले तरी सुरुवात होते. मूल रोज जिथे खेळते तिथून पॉटी दिसली पाहिजे, आणि परसातल्या शौचालयात ती नंतर, उजेडी, मोठ्यांच्या सोबतीने न्यावी.

नकाराची दुसरी जात भीतीपेक्षा चिवट असते. मूल पॉटीवर शू करते, हसते, टाळ्या घेते. पण शी आली की डायपर मागते. डायपर घातला की कोपऱ्यात जाऊन उभ्याने शी करते. न घातला तर दोन-दोन, तीन-तीन दिवस शीच करत नाही. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत ब्रूस टॉबमन यांनी ४८२ मुलांचा मागोवा घेतला तेव्हा त्यातल्या १०६ मुलांनी, म्हणजे २२ टक्क्यांनी, किमान महिनाभर असा नकार दिल्याचे दिसले. हा अभ्यास १९९७ चा. पाचातले एखादे मूल या वाटेने जात असेल तर या वागण्याला हट्ट किंवा विकृती म्हणणे बरोबर नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात आणखी महत्त्वाची गोष्ट समोर आली. बद्धकोष्ठता आणि नकार दोन्ही असलेल्या बहुतेक मुलांमध्ये बद्धकोष्ठता आधी होती आणि नकार नंतर आला.

हे घडते ते असे. एकदा केव्हातरी, ताप येऊन गेल्यावर, पाणी कमी पडल्यावर किंवा खाणे बदलल्यावर, शी कडक होते. बाहेर येताना ती दुखते, क्वचित बारीक चीर पडून रक्ताची रेघ दिसते. मूल मनाशी ठरवते की पुन्हा ही गोष्ट होऊ द्यायची नाही. पुढच्या वेळी जाणीव झाली की ते पाय जोडते, चवड्यांवर उभे राहते, खाटेचा पाय किंवा आईचा पदर घट्ट धरते, चेहरा लाल होतो, अंगाला घाम सुटतो. पाहणाऱ्याला वाटते, मूल जोर करते आहे. प्रत्यक्षात ते शी अडवून धरत असते. थोड्या वेळाने जाणीव ओसरते आणि मूल खेळायला पळते. अडकलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेते. तो आणखी कडक, आणखी मोठा होतो आणि पुढची वेळ आणखी दुखते. काही आठवड्यांनी गुदाशय ताणून इतका सैल होतो की जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपून चड्डीला डाग पडू लागतात. घरात समज होतो की मुलाला जुलाब होत आहेत किंवा ते आळसाने चड्डीत करते आहे. या मुलांना मार बसतो, आणि तो पूर्णपणे चुकीच्या माणसाला बसतो. डाग पडल्याचे त्यांना बहुधा कळतही नाही.

अशा वेळी घरगुती उपायांचा पेटारा उघडतो. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून गुदद्वारात घालणे हा त्यातला सर्वांत जुना. साबणाची वडी कापून घालणे हा दुसरा. एरंडेल पाजणे हा तिसरा. देठाने शी होते हे खरे आहे, कारण स्पर्शाने आतड्याला चालना मिळते. पण जी जागा दुखते म्हणून मूल शी धरून ठेवते, तिथेच पुन्हा काहीतरी घुसवले जाते, तेही चारजणांनी हातपाय धरून. त्या दिवसाचे काम होते आणि पुढच्या महिन्याचा नकार पक्का होतो. साबणाने आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. हे तिन्ही उपाय थांबवावेत. डॉक्टर मळ मऊ करणारे औषध देतात, बहुधा पाण्यात मिसळायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध. त्याची सवय लागेल या भीतीने ते आठवड्यात बंद केले जाते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ताणलेल्या गुदाशयाला मूळपदावर यायला काही महिने लागतात. तितके महिने रोज, विनासायास, मऊ शी झाली पाहिजे. मात्रा कमी करणे किंवा थांबवणे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच व्हावे.

आहाराची बाजू इथल्या स्वयंपाकघरातूनच सांभाळता येते. सकाळी पोदेराकडून आलेला पाव, दिवसभर बिस्किटे आणि बाटलीने दूध, असे खाणाऱ्या मुलाची शी कडक होते यात नवल नाही. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नये; त्यापेक्षा जास्त दुधाने भूक मरते आणि दुसरे काही पोटात जात नाही. उकड्या तांदळाची पेज, नाचण्याची तिजण, अळसांदे, तांबडी भाजी, पिकलेली पपई, केळे, हे सगळे घरात असते. मोठ्यांच्या ताटात जाते आणि मुलाच्या वाटीपर्यंत पोचत नाही, एवढीच अडचण. पाणी मात्र आठवणीने पाजावे लागते. पण ज्या मुलात शी धरून ठेवण्याचे चक्र सुरू झाले आहे, त्याला नुसती पपई पुरत नाही, औषध लागतेच.

दुखणे थांबल्यावर शिकवायला घ्यायचे, आधी नाही. पहिले काही दिवस पॉटी घरात नुसती ठेवावी. मूल कपड्यांसकट तिच्यावर बसेल, बाहुलीला बसवेल, तिच्यात गोट्या भरेल. भरू द्यावे. नंतर जेवणानंतर वीस-तीस मिनिटांच्या आत, दिवसातून दोन-तीन वेळा, पाचेक मिनिटे बसवावे, कारण आतड्याची हालचाल तेव्हाच वाढलेली असते. शाळेच्या किंवा कामाच्या घाईची सकाळ त्यासाठी वाईट. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ अनेक घरांत बरी पडते. शेजारी कोणीतरी बसावे, गोष्ट सांगावी. मोबाइल देऊ नये, कारण त्यात गुंगलेल्या मुलाचे पोटाकडे लक्ष राहत नाही. 'शू आली का?' असे दर दहा मिनिटांनी विचारले की उत्तर 'नाही' असेच येते. त्याऐवजी 'चल बाबू, जेवण झाले, आता बसायची वेळ' असे सांगणे चांगले. 'पॉटीवर बसतोस की मोरीत?' असा पर्याय दिला तर ठरवण्याचा मान त्याला मिळतो. काही झाले नाही तर उठू द्यावे. काही झाले तर कौतुक बेताचे असावे. घरभर मिरवणूक काढली की मुलावर दुसऱ्या दिवशीचे ओझे येते.

जे मूल डायपरमध्येच शी करते त्याच्याकडून डायपर हिसकावून घेऊ नये. तो त्याला द्यावा, पण शी न्हाणीत उभे राहून करायची एवढाच बदल करावा. ते जमले की डायपर घालूनच पॉटीवर बसायचे. त्यानंतर डायपर सैल बांधायचा, मग मांड्यांखाली नुसता अंथरायचा, आणि शेवटी तो पॉटीत ठेवायचा. एकेका पायरीला चार दिवस लागतील किंवा तीन आठवडे लागतील. मूल अडले तर आधीच्या पायरीवर परतायचे. पूर्ण नकार असेल तर महिना-दोन महिने हा विषयच बंद करावा, हे मागे हटणे नव्हे. ओढाताण थांबली की कित्येक मुले आपणहून पॉटीकडे वळतात.

कपड्यांचा प्रश्न ऋतूशी बांधलेला आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वी जुन्या लुगड्यांची बाळोती चुलीवरच्या दोरीवर वाळवली जात. आता बहुतेक घरांत चूल नाही आणि दिवसाला आठ चड्ड्या ओल्या झाल्या तर त्या सुकत नाहीत. म्हणून शक्य असेल तर सुरुवात पावसाळा सरल्यावर करावी. उन्हाळ्यात अंगणात उघड्याने किंवा नुसत्या सुती चड्डीत फिरणाऱ्या मुलाला ओले होणे लगेच जाणवते. डायपर ही जाणीवच पुसतो; ओल शोषून घेणे हेच त्याचे काम आहे. प्रवासात आणि रात्री तो वापरण्यात गैर नाही, पण शिकण्याच्या काळात दिवसा तो घातला की शिकणे लांबते. वापरलेला डायपर ओहोळात किंवा शेताच्या बांधावर टाकू नये. घनकचरा नियमांप्रमाणे तो कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा असतो.

मूल अडण्यामागे घरातली माणसे बदलली आहेत, हेही कारण मोठे आहे. पेडणे तालुक्यातला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. तो विमानतळ, किनाऱ्यावरची हॉटेले, तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहती यांत पाळ्यांची नोकरी करणाऱ्या तरुण आया पेडणे-डिचोलीत आता पुष्कळ आहेत. सकाळी मूल आजीकडे, दुपारी काकीकडे, संध्याकाळी आईकडे. आजी अंगणात बसवते, काकी डायपर घालते, आई कमोडवर बसवू पाहते. मूल गोंधळते आणि गोंधळलेले मूल जुन्या सवयीला चिकटते. कोणाची पद्धत बरी यावर सासू-सुनेत वाद घालण्यापेक्षा शब्द, जागा आणि वेळ या तीन गोष्टी सगळ्यांनी एक ठेवाव्यात. आजीचा 'शूऽऽ' हा आवाज मुलाच्या ओळखीचा असतो. आईने तोच वापरावा.

शिकलेले मूल पुन्हा चड्डीत करू लागते तेव्हा घर हवालदिल होते. नवे भावंड आले, घर बदलले, आजारपण झाले, आई कामाला जाऊ लागली, की असे होते. गणपतीच्या चवथीला मूळ घरी सगळी भावंडे जमतात, एका शौचालयापुढे वीस माणसांची रांग असते, अनोळखी काका दारावर थाप मारतात; त्या आठवड्यात मुलाने बिघडवले तर त्यात आश्चर्य नाही. अशा दिवसांच्या तोंडावर नवी सुरुवात करू नये. बिघडले तर पुसून काढावे, चड्डी बदलावी आणि गप्प राहावे. 'शी, किती घाण' असे चारचौघांत म्हणणे, पाहुण्यांना हसत सांगणे, 'बाईंना सांगेन' म्हणून धमकावणे यांनी शी लपवून ठेवणारे मूल तयार होते.

तिसऱ्या वर्षी अंगणवाडी किंवा नर्सरी सुरू होते आणि घाईला आणखी निमित्त मिळते. सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेखालच्या अंगणवाड्या १९७५ सालच्या, पण अंगणात जाऊन शिकवण्याची मराठी कल्पना त्याहून जुनी: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ती रुजवली. मुलांची स्वच्छता हा त्या बालवाड्यांत शिक्षणाचाच भाग मानला गेला. ज्या खासगी बालवर्गात 'डायपर सुटलेलेच मूल आणा' अशी अट घातली जाते, तिथे या परंपरेचा विसर पडला आहे. तीन वर्षांचे मूल नव्या जागेत, नव्या बाईंसमोर, हात वर करून 'शूला जाऊ?' विचारायला लाजते आणि घरी येईपर्यंत धरून ठेवते. प्रवेशाआधी एकदा त्याला तिथले शौचालय दाखवून आणावे, दार उघडझाप करून पाहू द्यावे आणि पिशवीत दोन जादा चड्ड्या द्याव्यात. बाईंनी मधल्या सुट्टीत सगळ्यांना रांगेने नेले तर विचारण्याची वेळच येत नाही.

लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज मात्र सोडायला हवा. जुलाबाचे आणि काविळीचे जंतू आणि जंतांची अंडी मुलाच्या शीतूनही पसरतात. पॉटीतली शी अंगणाच्या कडेला किंवा माडाच्या बुंध्याशी न टाकता शौचालयात टाकावी, पॉटी धुवावी, आणि मुलाचे व धुणाऱ्याचे हात साबणाने धुवावेत. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवावे. उलट धुतल्याने लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो.

रात्रीचा ताबा शिकवून येत नाही. रात्री लघवी कमी तयार करणारे संप्रेरक पुरेसे स्रवणे आणि भरलेल्या मूत्राशयाने झोपेतून जाग येणे, या दोन्ही गोष्टी वाढीबरोबर येतात. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा अंथरूण ओले करतात आणि दर वर्षी त्यांतली काही आपोआप बरी होतात. आई किंवा वडील यांपैकी एक लहानपणी अंथरूण ओले करत असेल तर मुलात ते दिसण्याची शक्यता बरीच वाढते, दोघेही असतील तर आणखीच. पाच वर्षांपर्यंत गादीवर मेणकापड घालणे आणि निजण्याआधी शूला नेणे, एवढे पुरे.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहू नये. लघवी करताना जळजळ, ताप, मुलग्याची बारीक किंवा थेंब थेंब पडणारी धार, मुलीची सतत ओली राहणारी चड्डी, शीत वारंवार रक्त, फुगलेले पोट, वजन न वाढणे, कंबरेखाली पाठीवर केसांचा पुंजका किंवा खळगा, पायांत अशक्तपणा, जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून अधिक लागलेले असणे. यांतले काहीही असेल तर आधी तपासणी आणि मग शिकवणे. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले आणि त्याला तहानही फार लागत असेल तर मधुमेहाची चाचणी त्याच दिवशी व्हावी. बोलायला, समजायला उशीर होणाऱ्या किंवा स्वमग्न मुलांना ही सवय उशिरा, पण लागते. चित्रे लावून, एकेक पायरी वेगळी करून ती शिकवावी लागते. चार वर्षांचे होऊनही मूल शी चड्डीत करत असेल तर इतर कोणत्याही खुणेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. तुये, डिचोली, साखळी इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत सुरुवात करता येते आणि गरज पडली तर तिथून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे पाठवले जाते. जाण्याआधी आठवडाभर मुलाने काय खाल्ले, किती दूध प्यायले, शी कधी झाली, कडक होती की मऊ आणि ते रडले का, एवढे एका वहीत लिहून न्यावे. डॉक्टरांना निदानासाठी पहिल्या भेटीत सर्वांत जास्त उपयोग त्या वहीचाच होतो.